जीवसृष्टी दुसऱ्यांदा कुठे सुरू झाली का?

७ ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पत्रकारांसमोर आले आणि एका दगडाबद्दल बोलले. दगडाचं नाव एएलएच ८४००१, वजन जेमतेम दोन किलो. १९८४ साली तो अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडला होता, आणि तो मंगळावरून उडून आलेला आहे हे पुढे त्याच्या घडणीवरून ओळखलं गेलं. नासाचे डेव्हिड मॅके आणि त्यांचे सहकारी म्हणत होते की या दगडात मंगळावरच्या प्राचीन जंतूंच्या खुणा आहेत.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या दगडात अळीसारखे लांबुळके आकार दिसत होते. शिवाय कार्बोनेटचे बारीक गोळे, मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण आणि काही सेंद्रिय रेणू. पृथ्वीवरचे काही जंतू अशाच घाटाचे मॅग्नेटाइट कण स्वतःच्या पेशीत तयार करतात. यातली प्रत्येक खूण सुटी घेतली तर जंतूंना मध्ये न आणताही तिचा खुलासा करता येतो, हे मॅके यांनाही मान्य होतं. पण सगळ्या खुणा एकाच दगडात, एकमेकींना खेटून? त्यांचा सगळा भर या मुद्द्यावर होता. पुढच्या दहाएक वर्षांत इतर प्रयोगशाळांनी एकेक खूण तपासली आणि एकेक करून ती ढिली पडत गेली. त्या ‘अळ्या’ इतक्या लहान होत्या, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक, की जिवंत पेशीला लागणारा सरंजाम त्यात मावणंच कठीण. आज या क्षेत्रातल्या बहुतेकांना तो पुरावा पटत नाही.

म्हणजे ‘पृथ्वीबाहेर जीव सापडला’ ही बातमी माणसाने एकदा ऐकून झाली आहे. शेअर बाजार कोसळला नाही, कुठे चेंगराचेंगरी झाली नाही, कोणी धर्म सोडला नाही. चार दिवस चर्चा झाली आणि लोक कामाला लागले. एक परिणाम मात्र टिकला. पृथ्वीबाहेरच्या जीवाचा शोध हा तोवर थोडा हसण्यावारी नेण्याचा विषय होता, त्याला या वादानंतर पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली, आणि १९९८ मध्ये नासाने त्यासाठी वेगळी संस्था काढली.

खरी बातमी येईल तेव्हा तीही बहुधा अशीच येईल, असं मला वाटतं. आकाशातून यान उतरणार नाही. एखाद्या आलेखावरचा उंचवटा असेल, एखाद्या दगडावरचा ठिपका असेल, आणि त्यावर वीस वर्षं भांडण चालेल. त्या भांडणातून नेमकं काय ठरणार असतं, ते आधी पाहू.

एकाच शिताचा प्रश्न

आपल्या आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत, आणि काही अंदाजांनुसार त्याच्या चौपट. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला परका ग्रह १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी शोधला, त्यासाठी त्यांना २०१९ चं नोबेल मिळालं. अशा परक्या ग्रहांची यादी आज ६,००० च्या पुढे गेली आहे. ताऱ्यांना ग्रह असणं ही अपवादाची नव्हे, नेहमीची गोष्ट आहे, हे आता पक्कं झालं आहे. इथवर कोणाचाच वाद नाही.

यानंतर लोक सहसा एक उडी मारतात: इतके ग्रह आहेत, मग जीव असणारच. ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशेब अर्धाच आहे. ग्रहांची संख्या कितीही मोठी असली, तरी तिला एका दुसऱ्या संख्येने गुणावं लागतं: योग्य ग्रहावर निर्जीव रसायनांतून जीव सुरू होण्याची शक्यता किती? ती दहात एक असेल तर विश्व जिवंत गोष्टींनी गजबजलेलं आहे. ती एकावर तीस शून्यं इतक्यात एक असेल तर आपण एकटेच आहोत, ग्रह कितीही असोत. आणि ही दुसरी संख्या कोणालाही माहीत नाही.

का माहीत नाही? कारण आपल्याकडे उदाहरण एकच आहे. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. इथे हातात शीत एकच, आणि भांडं आहे की नाही याचाच पत्ता नाही.

यावर एक चलाख उत्तर दिलं जातं. पृथ्वी साधारण ४५४ कोटी वर्षांची, आणि निदान ३५० कोटी वर्षांपूर्वी तिच्यावर जंतू होते याचे खडकांत पुरावे आहेत. म्हणजे पृथ्वी थंड होऊन समुद्र स्थिरावल्यावर जीव फारसा वेळ न घालवता सुरू झाला. मग ते काम सोपंच असणार, नाही का?

इथे जरा थांबायला हवं, कारण फसगत इथेच होते. जंतूपासून विचार करणाऱ्या प्राण्यापर्यंत यायला पृथ्वीवर जवळपास चारशे कोटी वर्षं लागली. सूर्य हळूहळू तापत चालला आहे, आणखी शंभरेक कोटी वर्षांत समुद्र उरणार नाहीत. ज्या ग्रहावर जीव उशिरा सुरू झाला, तिथे हा प्रश्न विचारणारं कोणी तयार व्हायच्या आतच वेळ संपून गेली असेल. तेव्हा प्रश्न विचारणारा जिथे कुठे जन्मेल, तिथे त्याला मागे वळून पाहिल्यावर ‘आपल्याकडे तर लवकरच सुरू झालं होतं’ असंच दिसणार. लवकर सुरू झालं यावरून सोपं होतं असा निष्कर्ष थोडासा निघतो, पण लोक मानतात तेवढा नाही.

आणि पृथ्वीचा तोच इतिहास दुसरी गोष्टही सांगतो. साध्या जंतूपासून गुंतागुंतीची पेशी, म्हणजे जिच्यापासून पुढे झाडं, बुरशी, प्राणी झाले ती, तयार व्हायला दीड-दोनशे कोटी वर्षं लागली. आणि आपल्या माहितीप्रमाणे ते एकदाच घडलं. डोळे निरनिराळ्या प्राण्यांत अनेक वेळा स्वतंत्रपणे तयार झाले, पंखही झाले, ही पेशी मात्र एकदाच. म्हणून बाहेर कुठे जीव असलाच, तर तो बहुधा जंतूच असेल. मोठ्या डोळ्यांचा हिरवा माणूस विसरलेला बरा.

परका की भाऊबंद?

समजा उद्या मंगळाच्या मातीत जिवंत जंतू सापडला. मग प्रश्न सुटला? नाही, आणि हा मुद्दा बातम्यांतून नेहमी गळतो.

मंगळ आणि पृथ्वी यांच्यात दगडांची ये-जा चालू असते. मंगळावर मोठी उल्का आदळली की तिथले तुकडे अंतराळात उडतात आणि लाखो वर्षांनी काही इथे येऊन पडतात. पृथ्वीवर असे शेकडो दगड सापडले आहेत, वरचा एएलएच ८४००१ त्यातलाच. दगडाच्या पोटात काही चिवट जंतू असा प्रवास सोसू शकतील, असं प्रयोग सांगतात. म्हणजे मंगळावरचा जंतू आपलाच लांबचा नातेवाईक असू शकतो. किंवा उलट, आपणच मूळचे मंगळावरचे. तसं निघालं तर जीवसृष्टी एकदाच सुरू झाली आणि शेजारी पसरली, एवढंच सिद्ध होईल. मघाची ती दुसरी संख्या होती तिथेच राहील.

जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या फुग्याच्या प्रयोगांची गोष्ट इथे सांगायला हवी. २००१ आणि २००५ मध्ये इस्रोच्या पाठबळाने मोठे फुगे हैदराबादहून सोडले गेले. पार ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळ्यांत भरून खाली आणले. त्यांत जंतू निघाले, आणि दुसऱ्या प्रयोगात तर जीवाणूंच्या तीन नव्या जाती. त्यांतल्या एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं नाव मिळालं. इतक्या उंचीवर अतिनील किरणांच्या माऱ्यात जंतू टिकतात हेच मोठं होतं. पण ते वरून आले की खालून गेले? त्यांची जनुकं पृथ्वीवरच्या जंतूंशी जवळचं नातं सांगत होती. तेव्हा हे जंतू बाहेरून आले हे सिद्ध झालं, असं इस्रोनेही म्हटलं नाही. काम चोख, दावा बेताचा. असा संयम या विषयात दुर्मीळ आहे.

मग नातं आहे की नाही हे ओळखायचं कसं? एक खूण फार सुंदर आहे. प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या अमिनो आम्लांचे रेणू दोन रूपांत येतात, डावं आणि उजवं. दोन्हींत अणू तेच, जोडणीही तीच, पण एक रूप दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. निर्जीव रसायनांतून ही आम्लं तयार होतात तेव्हा दोन्ही रूपं साधारण सारखी मिळतात. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरची माती आणली. आपली शरीरं जी २० अमिनो आम्लं वापरतात त्यांतली १४ तीत निघाली, आणि डावी-उजवी जवळपास सारखीच. पृथ्वीवरची प्रथिनं मात्र डाव्या रूपातूनच बनतात, जंतूपासून देवमाशापर्यंत. कुठे एखादी जीवसृष्टी उजव्या रूपावर चालणारी सापडली, तर ती आपल्या गोतावळ्यातली नाही हे ठामपणे म्हणता येईल.

अशी परकी जीवसृष्टी शोधायला मंगळापेक्षा शनीचा चंद्र एन्सेलेडस मला जास्त आशेचा वाटतो. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा हा बर्फाचा गोळा. २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे उडताना दिसले. यान पुढे त्या फवाऱ्यांतून आरपार गेलं. आत मीठ होतं, सेंद्रिय रेणू होते आणि हायड्रोजन होता. बर्फाखाली समुद्र आहे, आणि त्याच्या तळाशी गरम पाणी खडकांशी झटतं आहे, याची ती खूण. पुढे २०२३ मध्ये त्याच जुन्या नोंदींतून फॉस्फरसची संयुगंही सापडली. पृथ्वीवर १९७७ मध्ये गालापागोसजवळ समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे सापडले तेव्हा त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशाचा थेंबही नसताना जीवांची दाटी होती. तिथले जंतू पाण्यातल्या रसायनांवर जगतात. एन्सेलेडसच्या समुद्रात अशा जंतूंना लागणारा जवळजवळ सगळा शिधा आहे. जंतू आहेत का, ते माहीत नाही. पण तिथे काही निघालंच तर ते पृथ्वीवरून गेलेलं असण्याची शक्यता फार कमी, कारण तिथवर दगड पोचणं अतिशय अवघड. आणि एकाच सूर्याभोवती जीव दोनदा स्वतंत्रपणे सुरू झाला असेल, तर बाकीच्या हजारो कोटी ताऱ्यांभोवती काय असेल याचं उत्तर त्या एका जंतूतच मिळालं.

दुरून ओळखायचं कसं?

सूर्यमालेबाहेर यान पाठवण्याची सोय नाही. व्हॉयेजर १ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने जातं. या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्यापाशी पोचायला सत्तर हजारांहून अधिक वर्षं लागतील. तेव्हा जे काही कळायचं ते प्रकाशावरून.

ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून आपल्याकडे येतो. प्रत्येक वायू त्यातले ठरावीक रंग गिळतो. कोणते रंग कमी झाले हे पाहिलं की वायू कळतात. जेम्स वेब दुर्बीण हे काम करते. पण कोणता वायू दिसला म्हणजे जीव समजायचा? १९६० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी यावर सुचवलेली युक्ती आजही वापरात आहे: एकेकटा वायू पाहू नका, एकमेकांशी न पटणारे वायू एकत्र नांदताना दिसतात का ते पाहा. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र ठेवले तर एकमेकांना संपवतात. पृथ्वीच्या हवेत दोन्ही आहेत, याचा अर्थ कोणीतरी ते सतत पुरवतं आहे. हे पुरवणारे म्हणजे झाडं आणि जंतू.

या युक्तीची परीक्षाही झाली आहे. डिसेंबर १९९० मध्ये गुरूकडे निघालेलं गॅलिलिओ यान वाटेत पृथ्वीजवळून गेलं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी ठरवलं की हा ग्रह आपल्याला माहीतच नाही असं धरून यानाच्या नोंदी तपासायच्या. ऑक्सिजन आणि मिथेनची जोडी मिळाली, वनस्पतींची लाल रंग गिळण्याची खूण मिळाली, आणि नैसर्गिक वाटणार नाहीत असे रेडिओ संदेश मिळाले. गंमत म्हणजे फोटोंत शहरं, रस्ते असं काहीच खात्रीने ओळखता आलं नाही. ज्या ग्रहावर पाचशे कोटींहून अधिक माणसं राहत होती, तिथे माणूस डोळ्यांना दिसला नाही, वायूंवरून आणि रेडिओवरून कळला.

आता केटू-१८बी या ग्रहाचं पाहा. तो १२४ प्रकाशवर्षं दूर आहे, वजनाने पृथ्वीच्या साडेआठपट. केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या गटाला २०२३ मध्ये तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी डायमिथाइल सल्फाइडचीही चिन्हं दिसल्याचं जाहीर केलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून येतो. जगभर मथळे झळकले. पण आकडा होता ‘तीन सिग्मा’चा, म्हणजे असं दिसणं निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता हजारात तीनएक. ऐकायला ती खात्री वाटते, पण शोध लागला असं म्हणायला सहसा पाच सिग्मा मागतात. दुसऱ्या गटांनी त्याच नोंदी वेगळ्या रीतीने तपासल्या, तर काहींना तो वायू मानायची गरजच दिसली नाही. त्यातच हा रेणू ६७पी या धूमकेतूवरही सापडला आहे, आणि तिथे समुद्री जीव नाहीत हे सांगायला नको. २०२० मध्ये शुक्राच्या ढगांत फॉस्फिन हा, पृथ्वीवर जंतूंशी जोडला जाणारा वायू सापडल्याच्या दाव्याचंही असंच झालं. आधी सांगितलेलं प्रमाण पुढे खाली आलं, आणि वाद अजून मिटलेला नाही.

यात कोणी लबाडी केली असं नाही. अंधुक खुणांवरून काम करायचं म्हणजे हे होणारच. म्हणूनच नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. खूण दिसली ही पहिली पायरी. मग उपकरणाचा दोष नाही ना, जीवाशिवाय हे घडू शकतं का, दुसऱ्या गटाला स्वतंत्र पुरावा मिळतो का, असं करत वर चढायचं. पुढच्या वेळी मथळा दिसला की ‘ही कितवी पायरी?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ धूळ खाली बसते.

मायक्रोवेव्हचं दार

बुद्धिमान जीवांचा शोध हा वेगळा संसार आहे. तिथे वायू नाही, संदेश शोधतात. १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीने दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लावून याची सुरुवात केली. पुढच्या वर्षी तिथल्याच बैठकीसाठी त्यांनी ते प्रसिद्ध समीकरण मांडलं. त्यातून आकाशगंगेतल्या संस्कृतींची संख्या काढतात असं सांगितलं जातं. मला ते समीकरणापेक्षा आपल्या अज्ञानाची नीट लावलेली यादी वाटतं. त्यातली शेवटची बाब सर्वांत भारी: संदेश पाठवू शकणारी संस्कृती किती काळ टिकते? शंभर वर्षं धरली तर आकाशगंगा जवळपास रिकामी, दहा लाख धरली तर भरलेली. आपल्याला स्वतःचंही उत्तर माहीत नाही.

या कामात खोट्या हाका फार येतात. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला दर १.३३ सेकंदांनी येणारा एक नेमका ठोका सापडला. इतका नियमित की त्याला गमतीने ‘छोटी हिरवी माणसं’ असं नाव पडलं. मग आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसाच दुसरा ठोका सापडला. दोन ठिकाणची हिरवी माणसं एकाच वेळी आपल्यालाच हाका मारतील हे काही पटण्यासारखं नव्हतं. तो पल्सार निघाला, गरगर फिरणारा मेलेला तारा. दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची. तिथे वर्षानुवर्षं अधूनमधून विचित्र रेडिओ झटके नोंदले जात होते. आकाशाच्या एकाच दिशेतून नव्हे, सगळीकडून, आणि बहुधा दिवसा, दुपारच्या जेवणाच्या सुमारास. २०१५ मध्ये छडा लागला: वेधशाळेतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचं दार कोणीतरी तो बंद व्हायच्या आतच उघडत होतं. अधीर माणसं, दुसरं काही नाही.

उडत्या तबकड्यांबद्दल दोन ओळी पुरेत. नासाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०२४ मध्ये अशा नोंदी तपासल्या, परग्रहाशी नातं सांगणारा पुरावा दोघांनाही मिळाला नाही.

‘मग सगळे आहेत तरी कुठे?’ हा भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९५० मध्ये जेवताना विचारलेला प्रश्न तरीही उरतोच. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी त्यातून एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष काढला: मंगळावर साधे जंतू सापडले तर ती वाईट बातमी ठरेल. जीव सहज सुरू होतो, तरीही आकाश गप्प आहे, म्हणजे वाटेतला मोठा अडथळा सुरुवातीला नसून पुढे कुठेतरी आहे. कदाचित आपल्याही पुढे. युक्तिवाद बिनतोड दिसतो, पण तो ‘आकाश गप्प आहे’ या गृहीतावर उभा आहे. आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद आणि आपलं ऐकणं जेमतेम साठ-पासष्ट वर्षांचं, तेही थोड्या ताऱ्यांचं, थोड्या वेळेला. एवढ्यावरून आकाश गप्प ठरवणं घाईचं आहे. शिवाय अडथळा त्या गुंतागुंतीच्या पेशीपाशीच असेल, तर आपण तो कधीच ओलांडला आहे.

माणसावर काय परिणाम होईल?

घबराट होईल ही समजूत जुनी आहे. १८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सन’ या वृत्तपत्राने चंद्रावर पंखवाली माणसं दिसल्याची बनावट लेखमाला छापली होती. कोणी घाबरलं नाही, अंक मात्र हातोहात खपले. २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञ मायकल व्हार्नम आणि सहकाऱ्यांनी पृथ्वीबाहेरच्या जीवाबद्दलच्या बातम्यांची भाषा आणि लोकांच्या काल्पनिक बातमीवरच्या प्रतिक्रिया तपासल्या. भीतीपेक्षा उत्सुकता आणि आनंदच जास्त निघाला. मात्र ते जंतूंबद्दल होतं. हेतू असलेल्या, बोलणाऱ्या कोणाबद्दल लोक असंच म्हणतील याची हमी नाही.

धर्म कोसळतील हेही मला पटत नाही. अनेक जगांचा पुरस्कार करणाऱ्या जोर्दानो ब्रूनो याला १६०० मध्ये रोममध्ये जाळलं, इतर पाखंडी मतांबरोबर हाही त्याच्यावरचा एक आरोप होता. आणि २००८ मध्ये व्हॅटिकनच्याच वेधशाळेचे प्रमुख होसे गाब्रिएल फुनेस यांनी परग्रहावरच्या जीवालाही भाऊ म्हणता येईल असं उघड सांगितलं. देवाला अनंतकोटी ब्रह्मांडनायक म्हणणाऱ्यांना तर त्यांतल्या एका ब्रह्मांडात चार जंतू निघाले म्हणून काय अडचण असणार!

खरा हादरा जीवशास्त्राला बसेल. आज जीवशास्त्र हे एकाच कुटुंबाचं शास्त्र आहे. सगळ्यांकडे तोच डीएनए, तेच जनुकीय संकेत, किरकोळ फरक सोडले तर. यातलं अटळ काय आणि योगायोगाने ठरलेलं काय, हे दुसरं कुटुंब पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दुसरा नमुना मिळाला की जीव म्हणजे काय याची व्याख्या नव्याने करावी लागेल, आणि वेगळ्या रसायनांवर चालणाऱ्या जीवातून औषधापासून पदार्थविज्ञानापर्यंत काय निघेल याचा आज अंदाजही बांधता येत नाही.

दुसरा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याची सुरुवात झालेली आहे. १९६७ च्या अंतराळ कराराचं नववं कलम सांगतं की इतर ग्रह-चंद्र दूषित करू नका आणि तिथून काही आणताना पृथ्वीला अपाय होऊ देऊ नका. म्हणूनच २०१७ मध्ये इंधन संपत आलेल्या कॅसिनीला मुद्दाम शनीच्या वातावरणात जाळून टाकलं. एन्सेलेडसवर ते आदळलं असतं तर पृथ्वीचे जंतू तिथे सांडण्याचा धोका होता. म्हणजे जो जीव आहे की नाही तेही ठाऊक नाही, त्याच्यासाठी आपण एक यान जाळलं. पण जीव खरंच सापडला तर? मंगळावर वस्ती करायची स्वप्नं पाहणाऱ्या देशांना आणि कंपन्यांना ‘इथे आधीच कोणीतरी राहतं, मागे फिरा’ असं सांगायचा अधिकार कोणाकडे असेल? करार देशांनी केलेला आहे, आणि मोडणाऱ्याला अडवेल असं पोलीस ठाणं अंतराळात नाही. माझ्या मते पहिला मोठा झगडा धर्मावरून नव्हे, यावरूनच होईल.

उलट दिशेचा धोका, म्हणजे तिकडचा जंतू इकडे येऊन रोग पसरवेल हा, बहुधा कमी आहे. रोगजंतू आपापल्या यजमानाबरोबर लाखो वर्षं घडत आलेले असतात, पूर्ण परक्या रसायनाच्या जंतूला आपल्या पेशीचं कुलूप उघडता येईलच असं नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, म्हणून अपोलो ११ च्या तिघांना २१ दिवस वेगळं ठेवलं होतं.

आणि संदेश आलाच तर उत्तर कोण देणार? १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी काही तत्त्वं ठरवली, २०१० मध्ये ती सुधारली: आधी खात्री करा, मग सगळ्यांना सांगा, आणि आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीशिवाय उत्तर देऊ नका. हा कायदा नाही, सद्भावनेचा करार आहे. आणि आपण विचारल्याशिवाय बोलून बसलेलोच आहोत. १९७४ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून १,६७९ बिट्सचा एक संदेश सुमारे २५,००० प्रकाशवर्षांवरच्या तारकागुच्छाकडे गेला. १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकड्यांत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे, आणि केसरबाई केरकरांची भैरवीही. स्टीफन हॉकिंग यांना हे बोलणं धोक्याचं वाटे, कोलंबसाच्या भेटीतून अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं काय झालं ते आठवा असं त्यांचं सांगणं होतं. मला ही भीती अवाजवी वाटते, अंतरंच इतकी आहेत. पण साऱ्या पृथ्वीच्या वतीने बोलण्याचा परवाना दुर्बीण हाताशी असणाऱ्या दहा-वीस जणांना कोणी दिला, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

सध्याचा सर्वांत भक्कम उमेदवार पुन्हा एक दगडच आहे. जुलै २०२४ मध्ये पर्सिव्हिअरन्स या बग्गीने मंगळावरच्या जेझेरो विवराजवळच्या जुन्या नदीपात्रात ठिपक्याठिपक्यांचा एक खडक पोखरला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ठिपक्यांत लोहाची दोन खनिजं आहेत, ती पृथ्वीवरच्या चिखलात अनेकदा जंतूंच्या करणीने तयार होतात. पण जंतूंशिवायही होऊ शकतात. सोक्षमोक्ष लावायला नमुना पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत आणावा लागेल. तो नळीत बंद करून ठेवलेला आहे, मंगळावरच. तोवर युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल आणि युरोपा या चंद्राच्या बर्फाखालचा समुद्र जीवाला मानवण्यासारखा आहे का, हे तपासेल. तिथे जीव आहे की नाही हे ठरवणं त्याचं कामच नाही. मथळे मात्र तसेच येतील.